कंटेनर का अडतो, सोनं का पकडतात? कस्टम्सबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात न्हावा शेवा बंदराबद्दल लिहिलं होतं, जहाजातून उतरलेला कंटेनर ट्रकवर चढेपर्यंत काय काय होतं ते, आणि त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते कस्टम्सबद्दल. काही चिडून लिहिलेले, काही घाबरून, काही खरंच समजून घ्यायचंय म्हणून. क्लिअरिंगच्या कामात बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे जे पक्कं माहितीये तेवढंच सांगते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीयेत.

प्रश्न : ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. जमिनीच्या सीमेवर बीएसएफ आहे, समुद्रात कोस्ट गार्ड आहे, मग कस्टम्स सीमेचं रक्षण करतं असं पुस्तकात लिहिलंय ते कसं? बाबा म्हणतात ती नुसती टॅक्स वसुली आहे. (कोल्हापूर)

बाबांचं अर्धं बरोबर आहे. कस्टम्स अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली येतं, वरचं बोर्ड म्हणजे सीबीआयसी, आणि आयात मालावरची ड्युटी गोळा करणं हे त्यांचं रोजचं काम आहेच. पण १९६२ चा कस्टम्स कायदा उघडून बघ, त्यात ड्युटी जेवढी आहे तेवढंच किंवा जरा जास्तच अडवणं, झडती, जप्ती, अटक हे आहे. कलम ११ तर सरळ सांगतं की देशाची सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य, प्राणी-वनस्पती, पुरातन वस्तू अशा कारणांसाठी सरकार कुठल्याही मालाची ये-जा बंद करू शकतं, आणि ती बंदी दारावर उभं राहून पाळून घेणारे हेच लोक.

फरक असा धर की बीएसएफ लपूनछपून येणाऱ्या माणसाला अडवतं आणि कस्टम्स राजरोस येणाऱ्या मालाला तपासतं. सगळ्यात धोकादायक माल रात्री कुंपणाखालून येतोच असं नाही, तो दिवसाउजेडी, सही-शिक्क्याचे कागद घेऊन, ड्युटी भरायची तयारी दाखवत येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरावर दोन कंटेनर पकडले, कागदावर टाल्क म्हणजे शंखजिऱ्याचे दगड, अफगाणिस्तानचा माल, इराणच्या बंदर अब्बासवरून आलेला, आणि आत जवळजवळ ३,००० किलो हेरॉइन. हे पकडलं डीआरआयने. डीआरआय म्हणजे कस्टम्सचीच गुप्तचर शाखा, १९५७ सालापासूनची. तिथे सैनिक उभा असता तर काय बघणार होता? कागद सगळे ठीक होते. कोण मागवतंय, पूर्वी काय मागवलंय, एवढ्या लांबून एवढा साधा दगड कशाला, असे प्रश्न पडायला लागतात, आणि ते ज्याला पडतात तोच तिथला राखणदार.

समुद्राचं पण सांगते, कारण आपल्या कोकणाशी त्याचा थेट संबंध आहे. किनाऱ्यापासून २४ सागरी मैलांपर्यंत कस्टम्सचे अधिकार चालायचे, २०१८ पासून ते २०० सागरी मैलांपर्यंत वाढलेत. साठ-सत्तरच्या दशकात किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात आखातातून सोनं, घड्याळं, कापड आत यायचं आणि चांदी बाहेर जायची, गावंच्या गावं त्याच्या आजूबाजूला जगत होती हे जुन्या लोकांना विचारलंस तर सांगतील. १९७४ चा कोफेपोसा, म्हणजे स्मगलरला खटल्याआधीच स्थानबद्ध करता येणारा कायदा, त्यातूनच आला, आणि १९७७ साली कोस्ट गार्ड उभं राहिलं त्यामागेही समुद्रातली स्मगलिंग हे मोठं कारण होतं.

आता दोन घटना शेजारी-शेजारी ठेवते. १९९१ मध्ये गोव्यातले कस्टम्स अधिकारी कोस्ताव फर्नांडिस सोन्याच्या स्मगलिंगची खबर मिळाल्यावर पाठलाग करून भिडले, झटापटीत समोरचा माणूस मेला आणि खुनाचा खटला उलटा यांच्यावरच उभा राहिला, तो १९९६ साली सुप्रीम कोर्टाने रद्द केला तेव्हा कुठे सुटले. दुसरी घटना १९९३ ची. दिघी आणि शेखाडी, दोन्ही रायगड जिल्ह्यातली गावं, तिथे शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. खटल्यात टाडा कोर्टाने ज्यांना शिक्षा दिली त्यात कस्टम्सचे अधिकारीसुद्धा होते. पश्चिम किनारा तोच, खातं तेच, कायदा तोच. सोन्याची बिस्किटं म्हणून काणाडोळा करायची सवय लागली की एक दिवस त्याच होडीतून काय येईल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून बाबांना सांग, कस्टम्समधली लाच हा नुसता महसूल बुडवण्याचा प्रश्न नाहीये, मला तरी तो आधी माणसांच्या जिवाचा प्रश्न वाटतो.

आणि फक्त आत येणारंच बघतात असं नाही, बाहेर जाणारं पण. रक्तचंदन, चांदणी कासवं, जुन्या मूर्ती. धोकादायक केमिकल बंदरात पडून राहिलं तर काय होतं ते ४ ऑगस्ट २०२० ला बैरुतला दिसलं, २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं गोदामात ठेवलेलं. त्यानंतर लगेच आपल्याकडे चेन्नईजवळ कस्टम्सने जप्त करून ठेवलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट लिलाव करून हलवलं गेलं. पकडलेला माल वेळेत निकाली काढणं हेसुद्धा संरक्षणच, पण त्याची बातमी होत नाही.

प्रश्न : कांद्याचा भाव जरा वर आला की कस्टम्सवाले निर्यात बंद करतात, कंटेनर बंदरात अडकतात, माल सडतो. शेतकऱ्याचं वाटोळं करायचा अधिकार यांना दिला कोणी? (निफाड)

दादा, राग समजतो, आणि तो रास्त आहे, फक्त दार चुकतंय. निर्यात बंदी किंवा किमान निर्यात मूल्य ठरवतं डीजीएफटी, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालय, ते वाणिज्य मंत्रालयाखाली. निर्यात शुल्क लावायचं नोटिफिकेशन काढतं अर्थ मंत्रालय. कस्टम्सचा बंदरावरचा अधिकारी फक्त ते नोटिफिकेशन राबवतो, त्याला ते न पाळायची मुभाच नाही.

आठवून बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क आलं, लासलगावसकट नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान मूल्य. ८ डिसेंबरला सरळ बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शुल्कही गेलं. म्हणजे वीस महिन्यांच्या आत एका पिकाचे नियम पाच-सहा वेळा फिरले, यात एकही निर्णय बंदरावर झालेला नाही.

कंटेनर अडकतात ते का, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच पैसे जातात. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा अर्ज, भरलं म्हणजे काम झालं असं खूप जणांना वाटतं. कायद्यातलं कलम १६ असं म्हणतं की निर्यातीला शुल्काचा दर लागतो तो अधिकाऱ्याने लेट एक्सपोर्ट ऑर्डर (एलईओ, माल चढवायची परवानगी) दिली त्या दिवशीचा. म्हणजे सकाळी बिल भरलं, गाडी रांगेत आहे, संध्याकाळी नोटिफिकेशन आलं आणि एलईओ अजून पडलेली नाही, तर नवं शुल्क लागणार. बंदीच्या बाबतीत जरा सूट असते, डिसेंबर २०२३ च्या बंदीत आधीच लोडिंग सुरू झालेला माल किंवा कस्टम्सच्या ताब्यात दिलेला आणि त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदलेला माल जाऊ दिला होता. म्हणून निर्यातदाराला विचारताना 'बिल झालं का' असं विचारू नका, 'एलईओ झाली का' हे विचारा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नाशवंत मालावर रातोरात नोटिफिकेशन लावणं चूक आहे. जो माल शेतातून निघालाय त्याला ठरावीक दिवसांची मुदत मिळायलाच हवी, ग्राहकाला भाव परवडायला हवा हे मान्य, पण त्याची किंमत रस्त्यावर असलेल्या ट्रकने का भरायची? ही मागणी खासदारांकडे, दोन्ही मंत्रालयांकडे लेखी करा. गेटवरच्या अधिकाऱ्याशी भांडून गाडी अजून दोन तास मागे जाते एवढंच.

प्रश्न : मी भोसरीत छोटं वर्कशॉप चालवतो. चीनमधून मशीनचे पार्ट मागवले, माझा कंटेनर उघडून तपासला आणि शेजारच्याचा तसाच सोडला. एजंट म्हणतो वर काहीतरी द्यावं लागेल. ड्युटी नक्की किती बसते हे पण कोणी सरळ सांगत नाही.

हिशेब आधी करू. मालाची किंमत धरतात ती भाडं आणि विमा मिळवून, आणि डॉलरचा रेट बँकेचा नाही, कस्टम्सने जाहीर केलेला. समजा ही किंमत झाली १० लाख आणि तुमच्या पार्टवर बेसिक ड्युटी १० टक्के आहे. तर १ लाख बेसिक, त्या एक लाखावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे १० हजार, झाले ११ लाख १० हजार, त्याच्यावर १८ टक्क्यांनी आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १ लाख ९९ हजार ८००. एकूण ३ लाख ९ हजार ८००. आकडा बघून पोटात गोळा येतो पण तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, खिशातून खरा खर्च १ लाख १० हजारच. खूप छोटे आयातदार हे क्रेडिट घेतच नाहीत कारण बिल ऑफ एन्ट्रीवर (आयातीसाठी कस्टम्सला भरून द्यायचा अर्ज) जीएसटी नंबर चुकीचा पडलेला असतो किंवा टाकलेलाच नसतो, तो एकदा स्वतः डोळ्याने तपासा.

आता तुमचाच कंटेनर का. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे माल काय, कोणत्या एचएस कोडखाली (मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक), किंमत किती, ड्युटी किती हे तुम्ही स्वतः जाहीर करता आणि सरकार आधी विश्वास ठेवतं. प्रत्येक डबा उघडायचा ठरवलं तर न्हावा शेवासारखं बंदर दोन दिवसांत ठप्प होईल. म्हणून २००५ पासून रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम आहे, ती कॉम्प्युटर ठरवते की कोणता माल न उघडता सोडायचा, कोणाचे कागद बघायचे, कोणाचा डबा स्कॅन किंवा उघडून बघायचा. नवा आयातदार, पहिल्यांदाच आलेला सप्लायर, किंमत नेहमीपेक्षा कमी, ज्या मालात पूर्वी घोटाळे झालेत असा कोड, अशा गोष्टींनी डबा वर येऊ शकतो, आणि काही डबे काहीच कारण नसताना पण उघडतात, ते मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर बदमाश लोकांना अंदाज बांधता येईल. शेजाऱ्याचा सुटला म्हणजे त्याने पैसे दिले असं धरून चालू नका, तो बरीच वर्षं तोच माल तिथूनच मागवत असेल. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालंय, तुमचं बिल न्हावा शेवाला भरलेलं असलं तरी ते तपासणारा अधिकारी चेन्नईत किंवा कोलकात्यात बसलेला असू शकतो, त्याला तुमचा एजंट भेटणार कुठे?

म्हणून 'वर द्यायचेत' म्हटलं की एजंटला एकच सांगा, क्वेरी काय आहे ती दाखव. अधिकाऱ्याची प्रत्येक शंका सिस्टीमवर लेखी येते, आइसगेट या कस्टम्सच्या वेबसाइटवर बघता येते, उत्तरही तिथेच द्यायचं. क्वेरी नसेल तर मग पैसे कशाचे? आणि खरंच कोणी अडवून मागितले तर देऊ नका, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, बळजबरीने द्यावी लागली तर ७ दिवसांत तक्रार करावी लागते. केंद्राचे कर्मचारी असल्यामुळे तक्रार सीबीआयकडे किंवा कस्टम्सच्याच दक्षता विभागाकडे जाते.

उशीर कुठे होतो हे पण खरं सांगते, बऱ्याचदा आपल्याच बाजूला. बिल ऑफ एन्ट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, ३० दिवस आधीही भरता येतं. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि नंतर रोज १० हजार. वर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, आणि सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवायच्या गोदामाचं, ग्राउंड रेंट. सप्लायरने पॅकिंग लिस्टमध्ये 'मशिनरी पार्ट्स' एवढंच लिहिलेलं असतं, कसले पार्ट्स, कोणत्या मशीनचे, लोखंडाचे का पितळेचे काही पत्ता नाही, अधिकारी विचारणारच ना. कॅटलॉग, फोटो, टेक्निकल माहिती पहिल्या दिवशी अपलोड करा, निम्म्या क्वेरी येणारच नाहीत.

आणि किंमत कमी दाखवायचा सल्ला देणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. देशभरातल्या आयातीच्या किमतींचा डेटा त्यांच्यासमोर असतो. तुमच्यासारखाच पार्ट इथे चाकणमध्ये बनवणारा कोणीतरी आहे, तो कामगारांना पगार देऊन, टॅक्स भरून बनवतो, आणि खोट्या इनव्हॉइसचा माल त्याच्या पोटावर पाय देतो. अँटी डम्पिंग ड्युटी, म्हणजे परदेशातून मुद्दाम पडत्या भावात येणाऱ्या मालावरचा जादा कर, हीसुद्धा अशाच उत्पादकाला वाचवायला असते, वाणिज्य मंत्रालयाचं डीजीटीआर चौकशी करून शिफारस करतं, अर्थ मंत्रालय लावतं, कस्टम्स वसूल करतं. व्यापाराचं रक्षण म्हणतात ते हेच, आणि त्यात तुम्ही दोन्ही बाजूंना आहात, आज आयातदार म्हणून, उद्या कोणी तुमचाच पार्ट नकली बनवून आणला तर फिर्यादी म्हणून.

प्रश्न : नणंद दुबईला असते, लग्नाला येताना दागिने आणणारे. किती चालतात? आणि इथून आम्ही आमचे घालून गेलो तर परत येताना अडवतील का? (डोंबिवली)

वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहून येणाऱ्यांना दागिन्यांची सूट आहे, पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम. २०१६ च्या बॅगेज रूल्समध्ये त्याला किमतीची पण मर्यादा होती, ५० हजार आणि एक लाख, त्यामुळे भाव वाढत गेला तसे ते ग्रॅम नुसते कागदावर राहिले, लोक चिडायचे ते त्यावरून. हे नियम बजेटच्या वेळी बदलतात, निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या साइटवर ताजे बघायचेच, व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता धरून बसायचं नाही. नाणी आणि बिस्किटं दागिन्यांच्या सुटीत येत नाहीत हे मात्र पक्कं.

सुटीपेक्षा जास्त असेल तर रेड चॅनलने जाऊन सांगायचं, ड्युटी भरायची, संपलं. सांगून ड्युटी भरायची नसेल तर माल तिथेच ठेवून परत जाताना घेऊन जाता येतो, कलम ८० मध्ये ती सोय आहे, पण आधी खरं सांगितलेलं असेल तरच. ग्रीन चॅनलने, म्हणजे 'सांगण्यासारखं काही नाही' असं म्हणणाऱ्यांच्या वाटेने, चालत गेलं आणि सापडलं की गोष्ट वेगळी, मग जप्ती, दंड, आणि मोठी रक्कम असेल तर अटक. सोन्याच्या बाबतीत तर कलम १२३ प्रमाणे हे स्मगलिंगचं नाही असं सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर असते.

तुमचे स्वतःचे दागिने घालून जाणार असाल तर जाताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, वेळ हाताशी ठेवून जा, वजन-वर्णन लिहून देतात, येताना तो कागद दाखवला की प्रश्न मिटला. आणि झडतीची वेळ आलीच तर बाईची झडती बाईनेच घ्यायची हा कायदा आहे, गॅझेटेड अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या असंही म्हणता येतं.

एवढं सोनं येतं का लपवून, तर ड्युटीमुळे. २०२२ मध्ये ती १५ टक्के केली होती, जुलै २०२४ च्या बजेटमध्ये ६ टक्क्यांवर आणली. फरक जेवढा मोठा तेवढा कॅरियरचा, म्हणजे दुसऱ्याचं सोनं लपवून आणून देणाऱ्याचा, धंदा तेजीत, आणि कॅरियर म्हणून पकडली जातात ती बहुतेक गरीब मुलं, तिकिटाच्या आणि थोड्या पैशांच्या लोभाने गेलेली. तुमच्या ओळखीत कोणी 'येताना एवढं पाकीट घेऊन ये' म्हणालं तर आत काय आहे हे न बघता हात लावू नका, नातेवाईक असला तरी.

प्रश्न : मुलीने अमेरिकेतून वाढदिवसाची भेट म्हणून पार्सल पाठवलं, त्यावर ड्युटी मागतायत. भेटीवर कसला टॅक्स? (सातारा)

पूर्वी ५ हजारांपर्यंतच्या भेटी माफ होत्या. त्याचा फायदा घेऊन परदेशी शॉपिंग साइट्स विकलेला माल 'गिफ्ट' लिहून पाठवायला लागल्या, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये ती सूट काढली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. पूर्ण ड्युटी भरून भेट घेता येते. मुलीला सांगा, किंमत खरी लिही आणि बिल आत ठेव, नाहीतर किंमत अंदाजाने लावतात.

प्रश्न : मला फोन आला, 'मुंबई कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या आधारवर बुक झालेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत', मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, म्हणे तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाशी बोलायचं नाही. मी रिटायर्ड शिक्षिका आहे, दोन रात्री झोप नाही. खरं असेल का? (सांगली)

बाई, खोटं आहे, शंभर टक्के खोटं. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. कस्टम्सला तुमची चौकशी करायचीच असेल तर कलम १०८ खाली समन्स येतं, लेखी, कधी कुठे यायचं ते लिहिलेलं. नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रांवर, समन्सवर डीआयएन नावाचा नंबर असतो, तो सीबीआयसीच्या साइटवर टाकला की खरं-खोटं लगेच कळतं, मुलाला किंवा शेजारच्या कॉलेजातल्या पोराला सांगा, दोन मिनिटांचं काम. ड्युटी असो की दंड, तो सरकारी खात्यात जातो आणि त्याची पावती मिळते, कोणाच्या खासगी खात्यात किंवा फोनवरच्या यूपीआयला कधीच नाही.

तुम्ही काही चूक केलेली नाहीये, लाज वाटून घेऊ नका आणि घरी आजच सांगा. हे लोक 'कोणाशी बोलू नका' म्हणतात कारण तुम्ही एका माणसाशी जरी बोललात तरी त्यांचा डाव फसतो. तो नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, १९३० वर फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि पैसे गेलेच असतील तर सकाळची वाट बघू नका, आधी १९३० मग लगेच बँक, व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवून, जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आधी गोठवता येण्याची शक्यता जास्त.